पागुमेचा सहावा

अतो तेफेरांच्या गोदामात मी खतावणी लिहितो.
बारा महिने, बारा पानं,
पानावर तीस ओळी.
देब्रे बिऱ्हानमध्ये कितीही थंडी पडो,
महिना तिशीच्या बाहेर पाय काढत नाही.
वर्षाच्या शेपटाला मग पाच दिवस उरतात.
त्यांचं नाव पागुमे. तेरावा महिना.
त्याला पान नाही.

पान नाही म्हणजे पगार नाही.
(घरमालकही त्या दिवसांचं भाडं मागत नाहीत,
एवढी माणुसकी आहे.)
पण राखणदार शिबेशी
त्या पाच रात्रीही दाराशी बसतोच,
गाबी कानांवरून ओढून,
काठी मांडीवर आडवी.
का रे, मी एकदा विचारलं.
म्हणाला, उंदरांना कुठे महिना कळतो.

आमच्याकडे वर्षांना नावं आहेत
मत्तय, मार्क, लूक, योहान.
सूर्य दर वर्षी पाव दिवस हातचा राखतो,
पावली पावली गाठीला मारतो
आणि लूकच्या अखेरीस
चार पावल्यांचा एक बंदा दिवस
आमच्या पुढ्यात टाकतो.
सहावा.
देवळातले थोरले पाद्री त्याचा अर्थ सांगतात,
अर्धा मला कळतो.
मला एवढंच दिसतं, की त्याच्यासाठी
मी ओळ आखलेली नाही.

त्या सहाव्या संध्याकाळी
गल्लोगल्ली चिबोच्या जुड्या पेटलेल्या,
पोरं ठिणग्यांवरून उड्या मारत होती.
उद्या नवं वर्ष, आणि माझी नवी वही कचेरीत राहिलेली.
रात्रीचे तीन वाजले होते,
म्हणजे अंधार पडून तीन तास.
गोदामाच्या दाराशी तिवई होती,
काठी होती.
शिबेशी नव्हता.

कुलूप जागच्या जागी. आत गव्हाची पोती.
खरं तर मालकांना कळवायला हवं होतं.
मी वही घेऊन आलो आणि टेकलो, जरा वेळ म्हणून.
बसल्यावर कळलं,
तिवईचा एक पाय आखूड आहे.
डुलकी लागली की ती कलते
आणि माणूस दचकून जागा होतो.
अकरा वर्षं मी या माणसाचा अंगठा घेतोय,
हे ठाऊक नव्हतं.

चारदा दचकलो.
मग वहीचं मागचं कोरं पान फाडलं,
घडी घातली, पुन्हा घातली,
आणि त्या पायाखाली सारली.
तिवई सरळ उभी राहिली
आणि मला गाढ झोप लागली.

शिबेशीने हलवून उठवलं तेव्हा तांबडं फुटत होतं.
कुठे होतास?
घरी.
कोण आजारी?
कुणी नाही. पहाऱ्यावर होतो.

पुढे येशिमेबेत भेटली बाजारात, कांदे विकताना.
हसली.
लूकच्या वर्षी स्वतःच्या दाराबाहेर बसतो, म्हणाली,
मेसेरेत झाली त्या वर्षापासून.
ती आता अदिसला. घरात चोरायला काय,
एक जेबेना, तीही चिरलेली,
दोन घोंगड्या, आणि मी.
आत ये म्हटलं तर येत नाही, ड्यूटी म्हणतो.
मग मी आतून दाराला पाठ लावून बसते.
मध्ये फळी.
एरवी तो येतो तेव्हा मी निघालेली असते.
काय बोलता रात्रभर?
तिने कांदे तागडीत टाकले.
किती देऊ, दोन किलो?

मेस्केरेमच्या पहिल्या सकाळी
पोरी पिवळी फुलं घेऊन दारोदार गात होत्या.
मी वहीवर योहानचं नाव घातलं.
शिबेशी उंबऱ्याशी आला,
हातात ते पान.
तुमचं काहीतरी राहिलं तिवईखाली, म्हणाला,
आणि तिवई पुन्हा कलती करून ठेवली.

पान शिवणीत परत बसेना.
बारा पानांच्या मागे सुटंच ठेवलंय,
चार घड्या पडलेलं,
एका कोपऱ्याला चिखल.